मोबाइलच्या उजेडाने डोळ्याला ५०० छिद्रं पडू शकतात का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तैवानमधल्या एका तरुणीने दोन वर्षं मोबाइल पूर्ण ब्राइटनेसवर वापरला आणि तिच्या कॉर्नियाला ५०० हून जास्त छिद्रं पडली, ही २०१९ सालची बातमी अजून फिरते आहे. विचारणाऱ्यांच्या बहिणीचं काम दिवसभर स्क्रीनसमोरचं. डोळ्यांची जळजळ होते म्हणून ती तपासायला गेली, तेव्हा डॉक्टरांनी ‘कॉर्नियावर बारीक ठिपके आहेत’ असं सांगून ड्रॉप्स दिले. नंतर तिच्या वाचनात ही बातमी आली. आपला डोळा भाजलाय आणि भाजलेल्याला ड्रॉप्सचा काय उपयोग, असं ठरवून तिने ड्रॉप्स बंद केले आणि फोन अगदी मंद करून ठेवला. बातमी खरी आहे का, आणि बहिणीने आता काय करावं?

मी नेत्रतज्ज्ञ आहे आणि माझं बरंचसं काम कॉर्नियाच्या आणि कोरड्या डोळ्यांच्या रुग्णांचं आहे. म्हणून उत्तर आधी देतो, कारणं नंतर. त्या तरुणीच्या कॉर्नियावर शेकडो ठिपके होते यावर माझा विश्वास बसतो. ते मोबाइलच्या उजेडाने भाजून पडले यावर बसत नाही. आणि तुमच्या बहिणीने ड्रॉप्स बंद करणं, या सगळ्या प्रकरणात मला काळजी वाटते ती याची.

कॉर्निया म्हणजे डोळ्याच्या काळ्या भागावरचा पारदर्शक पडदा. मधोमध तो साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो. त्याचा सगळ्यात वरचा थर, एपिथेलियम, पेशींच्या पाच ते सात रांगांचा आणि जेमतेम ५० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे एकूण जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढा. डोळा कोरडा पडला, पापणी नीट मिटली नाही, लेन्स घासली किंवा एखादं औषध सोसलं नाही, की या थरातल्या वरवरच्या पेशी जागोजागी मरतात, गळतात. नुसत्या डोळ्यांनी हे दिसत नाही. आम्ही फ्लुरोसीन या रंगद्रव्याची नारिंगी पट्टी ओली करून पापणीच्या आत टेकवतो आणि स्लिट लॅम्प या डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राचा निळा प्रकाश टाकतो. जिथे पेशी दुखावलेल्या असतात तिथे रंग धरतो आणि हिरवे ठिपके चमकू लागतात. मध्यम कोरडेपणातसुद्धा असे ठिपके मोजायला बसलात तर शंभराच्या पुढे सहज जातील. आम्ही ते एकेक करून मोजत नाही, तयार चित्रांशी ताडून श्रेणी देतो. त्यामुळे ५०० हा आकडा वाचणाऱ्याला हादरवतो, पण तपासणाऱ्याला तो एवढंच सांगतो की डोळा चांगलाच कोरडा आणि चिडलेला आहे.

छिद्र या शब्दाने मात्र घात केला. कॉर्नियाला खरोखर आरपार एक जरी छिद्र पडलं, तरी आतलं पाणी बाहेर झिरपतं, डोळा मऊ पडतो, जंतूंना आत जायला वाट मिळते आणि रुग्णाला त्याच दिवशी ऑपरेशनला घ्यावं लागू शकतं. अशी ५०० छिद्रं घेऊन कोणी चालत दवाखान्यात येत नाही. बातमीतले ठिपके वरच्या ५० मायक्रॉनमधलेच असणार.

आता ‘दोन वर्षं’ हा भाग घ्या. दोन वर्षं रोज थोडं थोडं नुकसान साचत गेलं आणि शेवटी छिद्रांची संख्या ५०० वर पोचली, असं चित्र बातमी वाचून उभं राहतं. एपिथेलियम तसा वागत नाही. कॉर्नियाच्या कडेला मूळ पेशी असतात, त्या सतत नव्या पेशी तयार करतात आणि साधारण सात ते दहा दिवसांत सगळा थर नवा होतो. त्या दिवशी दिसलेले ठिपके त्या आठवड्यातले होते, कदाचित त्याच सकाळचे. म्हणजे दुखापतीचं कारणही त्या आठवड्यात हजर होतं आणि बहुधा रोज हजर राहत होतं. त्यामुळे तपास दोन वर्षांपूर्वीच्या सवयीचा करायचा नसतो, आजचा करायचा असतो.

पण या बातमीतला सगळ्यात मोठा दोष वेगळा आहे, आणि तो एकदा लक्षात आला की अशा पुष्कळ बातम्या तुम्ही स्वतः तपासू शकाल. दुखापत चुकीच्या थरात दाखवली आहे.

प्रकाशाने एखाद्या पेशीला इजा व्हायची तर त्या पेशीने तो प्रकाश शोषून घ्यावा लागतो. नुसता आरपार गेलेला प्रकाश काही करत नाही. खिडकीच्या काचेतून ऊन आत आलं की फरशी तापते, काच तेवढी तापत नाही, तसंच हे. कॉर्नियाचं कामच मुळी दिसणारा प्रकाश न अडवता आत सोडण्याचं आहे. मोबाइलची स्क्रीन जवळपास सगळा दिसणाराच प्रकाश देते. तिच्या निळ्या भागाची तरंगलांबी ४५० नॅनोमीटरच्या आसपास असते आणि अतिनील किरण नगण्य. कॉर्निया शोषतो ते मुख्यतः ३०० नॅनोमीटरच्या खालचे अतिनील किरण आणि दुसऱ्या टोकाला लांब तरंगलांबीचे अवरक्त किरण. म्हणून समजा मोबाइलचा उजेड घातक असताच, तर इजा मागच्या पडद्याला, रेटिनाला व्हायला हवी होती. सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहणाऱ्यांचं नेमकं हेच होतं: कॉर्निया ठणठणीत, रेटिनाच्या मध्यावर डाग. इथे सांगितलं जातंय त्याच्या बरोबर उलट.

रेटिनाची भीती वाटायला नको म्हणून तेही सांगतो. निळ्या प्रकाशापासून रेटिनाच्या बचावासाठी ‘इक्निर्प’ या आंतरराष्ट्रीय आयोगाने मर्यादा घालून दिली आहे. तासन्‌तास पाहण्यासाठी ती प्रति चौरस मीटर, प्रति स्टेरेडियन (घनकोनाचं एकक) १०० वॅट आहे. पूर्ण ब्राइटनेसवरचा मोबाइल तिच्या शंभराव्या हिश्श्याच्याही खाली राहतो.

उष्णतेचा हिशेब तर घरी मांडता येतो. काही मथळ्यांत मायक्रोवेव्हची उपमा होती आणि उजेडाचा आकडा ६२५ लुमेन दिला होता. लुमेन हे एखाद्या स्रोतातून सगळ्या दिशांना मिळून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचं माप. ६२५ लुमेन म्हणजे सुमारे सात वॅटच्या एलईडी बल्बाचा उजेड. मोबाइलची स्क्रीन एवढा प्रकाश देऊच शकत नाही. त्या काळातल्या काही आयफोनच्या माहितीपत्रकात कमाल उजेड म्हणून ६२५ हा आकडा छापलेला असे, पण तो कँडेला प्रति चौरस मीटर या पडद्याच्या उजळपणाच्या एककात. बहुधा आकडा राहिला आणि एकक बदललं. खरा हिशेब असा: स्क्रीनचं क्षेत्रफळ सुमारे ९० चौरस सेंटिमीटर धरलं तर ६२५ कँडेला प्रति चौरस मीटरची स्क्रीन एकूण १५ ते २० लुमेन देते. फोन ३० सेंटिमीटरवर धरला तर डोळ्यावर साधारण ६० लक्स (एखाद्या जागेवर पडणाऱ्या प्रकाशाचं माप) पडतात. चांगल्या उजेडाच्या कार्यालयात ३०० ते ५०० लक्स असतात, भर उन्हात एक लाखाच्या घरात. या ६० लक्सचं ऊर्जेत रूपांतर केलं तर पूर्ण कॉर्नियावर पडते ती एका वॅटच्या पन्नास हजाराव्या भागाएवढी ऊर्जा, आणि त्यातली बहुतेक आरपार निघून जाते. मायक्रोवेव्ह ओव्हन ७०० ते १००० वॅट ऊर्जा बंद धातूच्या पेटीत कोंडतो, शिवाय त्या लहरी प्रकाशाच्या नसतात.

बातम्यांमध्ये असंही होतं की तिला कामासाठी बाहेर उन्हातही फोन पाहावा लागे, म्हणून ब्राइटनेस पूर्ण ठेवलेला. म्हणजे ज्या उन्हात फोन दिसत नव्हता, त्या उन्हाचा शेकडो पट जास्त प्रकाश त्याच डोळ्यांवर पडत होता. उन्हातला पांढरा कागद २५ ते ३० हजार कँडेला प्रति चौरस मीटर एवढा उजळ असतो. कागद वाचून कोणाचा कॉर्निया शिजत नाही.

प्रकाशाने कॉर्निया खरोखर भाजतो तेव्हा काय होतं, हे मी अनेकदा पाहिलेलं आहे. काच न लावता वेल्डिंग करणारे, बर्फाळ डोंगरावर गॉगलशिवाय गेलेले, जंतुनाशक अतिनील दिव्याच्या खोलीत थांबलेले लोक असे येतात. किरण लागतात तेव्हा काहीच कळत नाही. सहा ते बारा तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू ओतल्यासारख्या वेदना सुरू होतात, पाण्याच्या धारा लागतात, डोळा उघडवत नाही. कॉर्नियात मज्जातंतूंची दाटी त्वचेपेक्षा कित्येकशे पट जास्त असते, त्यामुळे धडधाकट माणसंसुद्धा कळवळतात. आणि बहुतेकांचं दोन-तीन दिवसांत भरून येतं. अशी भाजणूक दोन वर्षं कोणी सोसत नाही, आणि सोसता सोसता रोज फोनही पाहत नाही.

मग तिच्या डोळ्यांना झालं काय? तिला तपासलेलं नसताना निदान करणं योग्य नाही. पण शक्यता सांगता येतात, आणि पहिलीच शक्यता मोबाइलशीच जोडलेली आहे.

एरवी आपण मिनिटाला पंधराएक वेळा पापणी मिटतो. स्क्रीनमध्ये गुंतलो की हे प्रमाण निम्म्यावर, कधी तिसऱ्या हिश्श्यावर येतं. त्याहून वाईट म्हणजे पापणी अर्धवटच खाली येते. डोळ्यावरचा अश्रूंचा थर तीनएक मायक्रॉनचा. त्यावर पापणीच्या कडेच्या मायबोमियन ग्रंथी तेलाचा पातळ पापुद्रा पसरवतात, त्यामुळे पाणी लवकर उडत नाही. पापणी पुरती मिटली नाही तर हे तेल नीट पिळून येत नाही, थर तुटतो आणि कॉर्नियाचा उघडा पडलेला पट्टा सुकतो. अश्रूंचा थर दहा सेकंदांच्या आत तुटत असेल तर आम्ही तो अस्थिर समजतो. दहा सेकंदांत थर तुटतोय आणि पापणी पंधरा सेकंदांनी हलतेय, तर मधले पाच सेकंद पेशी उघड्या हवेवर. दिवसात असं हजारो वेळा होतं. ठिपके इथून येतात. फोन पूर्ण उजळ असो की मंद, पापणी तेवढीच थांबते. उलट फार मंद स्क्रीन वाचायला माणूस डोळे ताणून, आणखी रोखून पाहतो.

याखेरीज बातमीत वाचकाला ज्याचा पत्ताच लागत नाही अशा कितीतरी गोष्टी असतात. ती कॉन्टॅक्ट लेन्स वापरत होती का? किती तास? झोपताना पापण्या पुरत्या मिटत होत्या का? लाली घालवायला दुकानातून आणलेले ड्रॉप्स महिनोन्‌महिने घालत होती का? अनेक ड्रॉप्समध्ये बेंझाल्कोनियम क्लोराइड हे टिकाऊपणासाठीचं रसायन असतं आणि दिवसातून अनेक वेळा घातल्यास ते स्वतःच एपिथेलियम सोलतं. डोळा लाल म्हणून ड्रॉप्स, ड्रॉप्समुळे डोळा लाल, या चक्रात अडकलेले रुग्ण मी नेहमी पाहतो. त्यांची बाटली काढून घेणं हाच त्यांचा उपचार असतो.

ठिपके कुठे आहेत यावरून बरंच कळतं, आणि हा भाग मला स्वतःला फार आवडतो. कॉर्नियाच्या खालच्या तिसऱ्या भागात ठिपके असतील तर अर्धवट उघडझाप किंवा झोपेत उघडी राहणारी पापणी. वरच्या भागात असतील तर वरची पापणी उलटून पाहायची, तिथे कण अडकलेला असू शकतो. घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी असतील तर कडक लेन्स. सगळीकडे सारखे विखुरलेले असतील तर ड्रॉप्सची बाटली मागायची. मधल्या उघड्या पट्ट्यात असतील तर कोरडेपणा किंवा अतिनील किरण. या दोघांतला फरक मग इतिहास विचारून कळतो, कारण अतिनील किरणांचा रुग्ण कालची घटना सांगतो आणि कोरडेपणाचा रुग्ण गेल्या वर्षाची. त्रास सकाळी उठल्यावर जास्त की संध्याकाळी, हा एक प्रश्न कधी कधी यंत्रापेक्षा जास्त सांगून जातो. सकाळी जास्त असेल तर रात्रीच्या पापणीचा संशय, संध्याकाळी वाढत असेल तर दिवसभराच्या सुकण्याचा.

बातमी विचित्र आहे म्हणून ती खोटी, असं मी मुळीच म्हणत नाही. त्याच वर्षी तैवानमधूनच आणखी एक बातमी आली होती: एका स्त्रीच्या पापणीखाली चार जिवंत मधमाश्या सापडल्या. घाम आणि अश्रूंतले क्षार शोषणाऱ्या या छोट्या मधमाश्या एका थडग्याजवळचं गवत उपटताना तिच्या डोळ्यात शिरल्या. फूयिन युनिव्हर्सिटी हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी त्या एकेक करून जिवंत बाहेर काढल्या. ऐकायला ही गोष्ट ५०० छिद्रांपेक्षा अचाट आहे. पण हे कीटक मीठ शोधतात हे माहीत आहे, अश्रूंत मीठ असतं, पापणीमागे जागा असते, आणि माश्या प्रत्यक्ष हातात आल्या. साखळीतली एकही कडी निसटत नाही.

मोबाइलचंच उदाहरण हवं असेल तर २०१६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये दोन स्त्रियांच्या हकिकती आल्या होत्या. एका डोळ्याने मध्येच काही मिनिटं दिसत नाही, अशी त्यांची तक्रार. स्ट्रोकच्या दिशेनेही तपासण्या झाल्या. शेवटी नीट विचारल्यावर कळलं, की अंधारात कुशीवर झोपून फोन पाहताना त्यांचा एक डोळा उशीत झाकलेला असायचा. झाकलेला डोळा अंधाराला सरावायचा, उघडा स्क्रीनच्या उजेडाला. फोन ठेवला की उजेडाला सरावलेल्या डोळ्याला अंधारात काही मिनिटं काहीच दिसायचं नाही. धोका शून्य. डॉक्टरांनी तो प्रयोग स्वतःवर करून मोजमापही घेतलं. दावा विचित्र होता, पण परिणाम रेटिनात झाला, जिथे तो व्हायला हवा होता. वेळ जुळत होती. आणि कोणालाही तो पुन्हा करून पाहता येत होता.

याउलट जातीची जुनी अफवा म्हणजे वेल्डिंगच्या ठिणगीने कॉन्टॅक्ट लेन्स बुबुळाला वितळून चिकटली आणि काढताना बुबुळच निघून आलं. १९८० च्या दशकात ही गोष्ट कारखान्यांच्या सुरक्षा पत्रकांत छापून फिरली, लोकांनी कामावर लेन्स घालणं सोडलं. मुळाशी १९६७ मधली बाल्टिमोरजवळच्या जहाजबांधणी कारखान्यातली एक घटना होती. तिथल्या कामगाराच्या कॉर्नियाला इजा झाली होती हे खरं, पण ती प्रमाणाबाहेर तास लेन्स घातल्याने. त्याची दृष्टी परत आली. इथेही तेच झालं: दिसलेली इजा खरी, तिला चिकटवलेलं कारण खोटं. आणि नुकसान असं, की खऱ्या कारणाकडे, म्हणजे जास्त वेळ लेन्स घालण्याकडे, कोणाचं लक्षच गेलं नाही. लेन्स घालून झोपल्याने किंवा नळाच्या पाण्याने धुतल्याने जंतुसंसर्ग होऊन डोळे गेलेले मी पाहिले आहेत. त्याची भीती ठिणगीच्या भीतीच्या निम्मी जरी पसरली असती तरी त्यातले काही वाचले असते.

तर आता तुमच्या बहिणीबद्दल. तिचा डोळा भाजलेला नाही. तिला सांगितलेले ठिपके भरून येणारे आहेत, पण ते भरून यावेत म्हणूनच ड्रॉप्स दिले होते, तेव्हा ते पुन्हा सुरू करायला सांगा. बंद केल्यावर त्रास वाढला असेल तर आधी दाखवून मग सुरू करावेत. जाताना आधी वापरलेल्या सगळ्या बाटल्या बरोबर न्याव्यात आणि डॉक्टरांना स्पष्ट विचारावं: ठिपके कोणत्या भागात आहेत, अश्रूंचा थर किती सेकंदांत तुटतो, पापणीच्या ग्रंथी तुंबल्या आहेत का, आणि माझ्या ड्रॉप्समध्ये प्रिझर्वेटिव्ह आहे का? ती दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा ड्रॉप्स घालणार असेल तर बिनप्रिझर्वेटिव्हचे मागून घ्यावेत. ग्रंथी तुंबलेल्या असतील तर बंद पापण्यांवर दहा मिनिटं गरम शेक आणि नंतर हलका मसाज, रोज, निदान महिनाभर. स्टेरॉइडचे ड्रॉप्स कोणाच्या सांगण्यावरून घालू नयेत. त्यांनी लाली झटक्यात जाते आणि डोळ्याचा दाब गुपचूप वाढतो.

स्क्रीनची उंची डोळ्यांच्या थोडी खाली ठेवावी, म्हणजे पापणी कमी उघडी राहते आणि सुकणारा पट्टा लहान होतो. पंख्याचा किंवा एसीचा झोत चेहऱ्यावर नको. दर वीस मिनिटांनी लांब पाहताना चार-पाच वेळा पापणी मुद्दाम, पूर्ण मिटवावी. वरची पापणी खालच्या पापणीला टेकलेली जाणवली पाहिजे. ब्राइटनेस खोलीतल्या उजेडाशी जुळेल असा ठेवावा, तो मंद करून वाचायला त्रास होत असेल तर वाढवायला काही हरकत नाही. निळा प्रकाश गाळणाऱ्या चष्म्यावर खर्च करू नका. वैद्यकीय संशोधनाचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये १७ चाचण्या एकत्र तपासल्या, त्यात स्क्रीनमुळे येणाऱ्या डोळ्यांच्या थकव्यावर त्याचा अल्पकाळात बहुधा काही फायदा होत नाही असंच निघालं.

एका डोळ्याने अचानक कमी दिसू लागलं, उजेड अजिबात सहन होईना, कॉर्नियावर पांढरा डाग दिसला किंवा लेन्स घालणाऱ्या माणसाचा डोळा दुखून लाल झाला, तर मात्र ड्रॉप्सची वाट न पाहता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना गाठावं. लेन्स घालत असाल तर ती काढून, डबीत घालून सोबत न्यावी. संसर्ग असेल तर जंतू तिच्यावरूनही शोधता येतात.